गाठीतला होकार

एका राज्यात एक राजा होता. राजा भला होता, प्रजा पोटभर जेवत होती, म्हणून त्याच्याविषयी सांगण्यासारखं फारसं काही नाही. ही गोष्ट आहे गोजराबाईची आणि तिच्या भागीदाराची. राजा मधे येईल, आणि आला की त्याला उचकी लागेल, एवढं आधीच सांगून ठेवतो. का लागेल ते तिथे पोचलो की सांगेन, मधे विचारायचं नाही.

त्या राज्याच्या दक्षिणेला मिठागरं, उत्तरेला धान्याचा मुलूख आणि मधे आभाळाला टेकलेला एक घाट. बैलांवर मीठ लादून उत्तरेला न्यायचं आणि धान्य घेऊन परतायचं, हा तांड्याचा धंदा. मैनाजी आणि त्याचा जिवाभावाचा मित्र निंबाजी नाईक, दोघांनी मिळून असा एक तांडा उभा केला होता. अर्धा वाटा याचा, अर्धा त्याचा. चार वर्षांमागे मैनाजी तापानं गेला, तेव्हा त्याचा वाटा त्याच्या बायकोकडे, म्हणजे गोजराबाईकडे आला. तिची लेक हौसा वयात आली तशी तांड्याच्या पुढे चालू लागली. बापाची चाल, बापाचा आवाज. तिनं हाक दिली की मागचा बैलही कान टवकारी.

घाटात खारजाई नावाची चेटकीण राहत असे. चेटकीण म्हटलं की तुम्ही लगेच वाढलेली नखं आणि पिंजारलेले केस डोळ्यांपुढे आणाल. तसं काही नव्हतं. बाई नीटनेटकी होती, व्यवहाराला चोख होती. बारा वर्षांतून एकदा ती घाटाची पट्टी, म्हणजे वाटेचा कर, घेई, माणशी पंचवीस मोहरा. आधी तांडा थांबवायचा, मग पट्टी मागायची, असा तिचा रिवाज. थांबवायचा म्हणजे काय, तर माणसांसकट आणि बैलांसकट मिठाचे पुतळे करून उभे करायचे. पंधरा दिवसांत पट्टी आली तर पुतळ्यांची माणसं होत. नाही आली तर पुतळे तसेच राहत. उसनं सोनंही तिथे चालत नसे. उसनी मोहर घाटात शिरली की तिची मिठाची चकती होई.

म्हणून तर पेढीची पेटी होती. लोखंडी, आणि रिकामी उचलायची म्हटली तरी घाम फोडणारी. दोघे भागीदार वर्षाच्या वर्षाला तिच्यात मोहरा टाकत. त्या राज्यातल्या मोहरा तळहाताएवढ्या असत. पेटी निंबाजीच्या घरी असे, पण तिला किल्ली नव्हती. दोन्ही भागीदारांनी 'हो' म्हटलं की ती उघडे, एकाच्या 'हो'नं जागची हलत नसे.

आता त्या लोकांची एक रीत ऐका, सगळा घोळ तिच्यात आहे. पेटी उघडून मोजणं म्हणजे भागीदाराच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं, असं तिथे मानत. मग पेटी भरलेली आहे हे कळायचं कसं? तर दर पाडव्याला ती एका लांब दांडीला मधोमध दोरीनं टांगत, दांडीची दोन टोकं दोघांच्या खांद्यांवर, आणि देवळाला एक फेरी. फेरी झाली की दोघं म्हणत, "भरली आहे." संपलं. खांद्याला वजन कळतं, डोळ्यांनी बघायला कशाला हवं? असला शहाणपणा!

दोरी बांधायचा मान वडीलधाऱ्याचा, म्हणजे निंबाजीचा. धाकट्यानं पुढे चालायचं. म्हणजे मैनाजीच्या पश्चात गोजराबाई पुढे आणि पेटी तिच्या पाठीमागे. दर वर्षी तिला पेटी गेल्या सालापेक्षा थोडी जडच लागे. ती समाधानानं म्हणे, "भरली आहे." निंबाजी मागून म्हणे, "भरली आहे."

त्या वर्षी पट्टीचं साल उगवलं. एके सकाळी भानजी नावाचा म्हातारा हाकाऱ्या, म्हणजे तांड्याचे बैल हाकणारा, धापा टाकत गोजराबाईच्या दारात आला. पायात काटा मोडला म्हणून तो तांड्याच्या मागे राहिला होता, आणि म्हणून वाचला होता.

"मालकीणबाई, खारजाईनं तांडा धरला," तो म्हणाला. "बत्तीस माणसं. सगळी मिठाची झाली. हौसाताई सगळ्यांत पुढे, हात वर केलेला, तोंड उघडं. आणि बाई, तिथे हरणं चाटायला येतात."

"काय चाटायला?"

"मीठ, बाई."

गोजराबाईनं दारामागची काठी उचलली. "तू परत जा," ती म्हणाली. "काठी घे आणि हरणं हाकत राहा. मी पट्टी घेऊन येते."

ती तशीच निंबाजीकडे गेली. "भाऊजी, चला, पेटी उघडू."

"वहिनी, पंधरा दिवस आहेत," निंबाजी म्हणाला. "आज दिवस बरा नाही."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तो म्हणाला, "खारजाईला आधी निरोप धाडला आहे. दोन पैसे कमी करते का बघू." तिसऱ्या दिवशी तो अंथरुणात होता. कपाळावर ओली पट्टी, पण गोजराबाईनं हात लावून पाहिला तर कपाळ थंडगार. चोवीस वर्षांची ओळख, नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवलेला माणूस. हा पेटीला हात लावील? छे. आणि छे म्हणता म्हणताच तिला कळलं, की आपलं मन 'छे' म्हणायला तयार नाही.

बरं, उघड बोलायची सोय होती का? नव्हती. त्या राज्याचा नियमच होता, की जो भागीदारावर खोटा आळ घेईल त्याची वाचा बारा वर्षं जाईल. आणि गोजराबाईची वाचा गेली तर पेटीपुढे 'हो' कोण म्हणणार? पेटी मिटलेली राहील आणि लेक घाटात. म्हणून चौथ्या दिवशी ती दरबारात गेली.

आता राजाच्या उचकीचं सांगतो. राजाच्या आजोबांनी एकदा दोन भागीदारांच्या तंट्यात जेवायला उशीर होतोय म्हणून घाईघाईत निकाल दिला. निकाल चुकला. निरपराध माणसानं जाता जाता शाप दिला, की तुमच्या घराण्यात 'भागीदार' हा शब्द कानावर पडला की राजाला उचकी लागेल. तेव्हापासून असले तंटे एका टिटवीकडे सोपवले होते. टिटवी सिंहासनाच्या पायरीवर बसे, सदा चिडलेली आणि सदा जागी.

"महाराज, माझा भागीदार," गोजराबाईनं सुरुवात केली.

"हिक्," राजा म्हणाला, आणि त्यानं टिटवीकडे बोट दाखवलं.

टिटवीनं सगळं ऐकून घेतलं. "तुला संशय आहे की खात्री?"

"संशय."

"मग तोंड मीट. संशय घेऊन लोक इथे येतात आणि मुके होऊन जातात. तीन कामं कर. पहिलं, दांडी उतरवून नीट बघ. दुसरं, भागीदाराच्या घरचं जे दार तुझ्यासमोर कधी उघडलं नाही, ते उघड. तिसरं, तुझी जी वस्तू त्याच्याकडे राहून गेली आहे, ती त्याच्या हातून परत आण. हिसकावायची नाही, चोरायची नाही."

"कुठली वस्तू?"

"मला काय विचारतेस? तुझी आहे."

गोजराबाई देवळात गेली. दांडी माळ्यावर ठेवलेली असे. पुजाऱ्यानं ती उतरवून दिली आणि तिनं ती अंगणात उन्हात ठेवली. दोरी घासून लाकडावर वळ पडतो, दर पाडव्याचा एक. तिनं बोट फिरवून पाहिलं. अगदी मधोमध वळांची दाटी होती, आठ वर्षांची, एकावर एक. मग तिच्या टोकाकडे वीतभर सरकलेला एक वळ. मग आणखी वीतभर. मग आणखी. शेवटचा वळ तिच्या खांद्यापासून जेमतेम हातभर.

मग तिनं पुजाऱ्याकडून पाण्याची घागर मागून घेतली, दांडीला मधोमध टांगली, एक टोक पुजाऱ्याच्या खांद्यावर, एक आपल्या. मग घागर आपल्याकडे सरकवली. वजन वाढलं. अर्धं पाणी ओतून दिलं आणि घागर अजून जवळ घेतली. तरी खांद्याला तेवढंच.

"अगं बाई!" ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही. पेटी हलकी होत होती आणि तिच्या खांद्याला ती जड लागत होती. चार वर्षं ती देवासमोर 'भरली आहे' म्हणत होती, आणि मागून तो.

पाचव्या दिवशी ती निंबाजीच्या घरी गेली तेव्हा तो बाहेर होता. त्याची बायको सगुणा मोठ्या चांदीच्या झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होती. कड्या चांदीच्या, पाट चांदीनं मढवलेला.

"या, बसा," सगुणा म्हणाली. "तुमचा झोपाळा कुठे टांगलाय? यांनी सांगितलं, त्या साली नफा झाला म्हणून दोघांनीही घेतले."

"कुठल्या साली?" गोजराबाईनं विचारलं.

"भाऊजी गेले त्या साली."

गोजराबाई झोपाळ्यावर बसली नाही. "परड्यातली ती वखार," ती म्हणाली, "तिच्यात काय असतं हो?"

"चारा असतो म्हणतात. पण चार वर्षांत एका बैलाला त्यातली काडी मिळालेली मी बघितली नाही. मला मेलीला किल्लीला हात लावू देत नाहीत." सगुणा थांबली. तिनं सुपातल्या शेंगा बाजूला ठेवल्या आणि गोजराबाईच्या तोंडाकडे पाहिलं. "चला," ती म्हणाली. "कोयंडा कधीचा सैल झालाय."

दोघींनी मिळून कोयंडा उपटला. आत साठ बैल उभे होते. साठच्या साठ मातीचे. गळ्यात घुंगुरमाळा, शिंगांना रंग, पाठीवर झुली. सगुणा मटकन खाली बसली.

दाराजवळच्या बैलानं मान वळवली. मातीचे कण खाली पडले. "दार लोटा," तो म्हणाला, "वारा लागला की आम्ही झडतो."

"तुम्ही कोण?" गोजराबाईनं विचारलं.

"आम्ही तीस आधीचे आणि तीस नंतरचे. उत्तरेच्या बाजारात एका जादूगारानं आम्हाला जिवंत म्हणून विकलं. वेशीत आलो आणि माती झालो. निंबाजी रडला. पेटीतून मोहरा काढून त्यानं खरे बैल घेतले, कोणाला कळू नये म्हणून. मग तूट भरून काढायला तो पुन्हा त्याच जादूगाराकडे गेला. त्यानं निम्म्या भावात तीस दिले. ते हे, मागचे."

"पुन्हा त्याच्याकडेच?"

"पुन्हा त्याच्याकडेच. माणसं जातात."

"पण माझ्या 'हो'शिवाय पेटी उघडली कशी?"

बैल म्हणाला, "तू म्हणालीस की. पेटी तो इथेच आणून उघडायचा. दर वेळी तुझा आवाज आम्ही ऐकला आहे."

"मी या वखारीत आजवर पाऊल टाकलेलं नाही."

"पाऊल नसेल. आवाज तुझाच होता. जरा रडवेला."

तेव्हा गोजराबाईला आठवलं. त्या राज्यात बोललेला शब्द कापडाच्या गाठीत बांधून ठेवता येई. कोणी लेकीचा निरोप बांधी, कोणी भांडणातली शिवी जपून ठेवी. मैनाजी गेला तेव्हा ती महिनाभर अंथरुणातून उठली नव्हती. निंबाजी उशाशी येऊन म्हणाला होता, "वहिनी, पेटीतून बैलांच्या औषधाला थोडं काढायला लागेल. येता का?" आणि ती म्हणाली होती, "हो. तुम्ही बघा, भाऊजी." त्यानं तो होकार उपरण्याच्या टोकाला बांधून नेला होता. काम झाल्यावर त्यानं तो परत दिला नाही, आणि हिनं मागितला नाही. मागायचा असतो हेच तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

ती परड्यातल्या चिंचेखाली जाऊन बसली. दुपार टळत आली तेव्हा निंबाजी आला. वखारीचं दार उघडं, सगुणा उंबऱ्यात बसलेली, चिंचेखाली गोजराबाई. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी, मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"मी काही म्हटलं का?"

"बैल महाग झाले होते. आणि तो जादूगार."

"भाऊजी, मी तुमच्यावर आळ घेतलेला नाही. माझी एक वस्तू तुमच्याकडे राहिली आहे. ती द्या."

त्यानं उपरण्याचं टोक मुठीत धरलं. "कसली वस्तू?" तो म्हणाला. मग म्हणाला, "मी भरून देणार होतो. या साली मीठ चढ्या भावानं गेलं असतं." मग म्हणाला, "मैनाजी असता तर त्यानं मला समजून घेतलं असतं."

"त्यांचं नाव घेऊ नका," गोजराबाई म्हणाली. एवढंच.

मग निंबाजीनं गाठ सोडायला घेतली. चार वर्षं दर वेळी सोडून पुन्हा आवळलेली गाठ, सुटेना. त्यानं दातांनी सोडवली. गाठीतून आवाज आला, आजारी बाईचा, रडून रडून बसलेला. "हो. तुम्ही बघा, भाऊजी. मला तुमच्याशिवाय कोण आहे?"

शेवटचं वाक्य ती विसरून गेली होती. तो विसरला नव्हता, दर वेळी त्याला ते ऐकावंच लागलं होतं. आता ते दोघांनी एकत्र ऐकलं, सगुणेनंही ऐकलं. निंबाजी मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला.

गोजराबाईनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "बैलांचं मी समजू शकते. फसलात, लाजलात, लपवलंत. माणूस लाजेपायी काहीही करतो. पण झोपाळा? माझं कुंकू पुसलं त्या साली तुम्ही चांदीच्या झोपाळ्यावर झोके घेतलेत. याचा मला राग आहे, भाऊजी. फार राग आहे. आणि तो जाईल असं मी सांगत नाही. आता उठा. माझ्या लेकीला हरणं चाटताहेत. पेटी आणा, आणि तुमच्या तोंडानं 'हो' म्हणा."

पेटी आली. दोघांनी 'हो' म्हटलं. आत तीनशे दहा मोहरा निघाल्या. बत्तीस माणसांना हव्या होत्या आठशे.

पुढचे दिवस विकण्यात गेले. झोपाळा गेला, सगुणेनं अंगावरचं सगळं स्वतःहून काढून दिलं, निंबाजीचं घर गेलं. गोजराबाईनं आपलं घर विकलं, भांडी विकली, मैनाजीच्या पगडीतली मोत्यांची लड विकली. मातीचे बैल कुंभारसुद्धा घेईना. तेराव्या दिवशी मोजलं, तर मोहरा भरल्या सातशे पंचाहत्तर. एका माणसाच्या कमी.

वाटेत दोघं दरबारात थांबली. गोजराबाईनं जे घडलं ते सांगितलं, निंबाजीनं मान हलवून सगळ्याला दुजोरा दिला, एका शब्दालाही फाटा फोडला नाही. टिटवी म्हणाली, "भागी मोडली. घाटाची पट्टी चुकती होताच दोघं वेगळे. महाराज, शिक्का."

राजानं शिक्का उचलला आणि वाचलं, "गोजराबाई आणि निंबाजी, भागीदार..." सगळा दरबार थांबला. उचकी आली नाही. राजानं पुन्हा म्हणून पाहिलं, "भागीदार. भागीदार!" मग तो इतका हसला की मुकुट कलला. या तंट्याच्या निकालात कोणी घाई केली नव्हती, तेवढ्यानं आजोबांना लागलेला शाप सुटला. टिटवीनं पंख झटकले. तिला आता नोकरी उरली नव्हती, आणि ती लगेच अंडी घालायला निघून गेली.

पंधराव्या दिवशी सकाळी दोघं घाटात पोचली. भानजी काठी टेकून उभा होता, पंधरा दिवसांत निम्मा झालेला. पुतळे ओळीनं उभे होते, उन्हात चमकत. सगळ्यांत पुढे हौसा. हात वर, तोंड उघडं. हरणांनी तिच्या डाव्या कानाची पाळी चाटून नेली होती. गोजराबाईनं ते पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

खारजाई दगडावर बसली होती. तिनं पेटीत पाहिलं. "एकाची कमी आहे," ती म्हणाली. "कुठून सुरुवात करू?"

गोजराबाईनं आधी हौसाकडे पाहिलं, मग ओळीच्या शेवटाकडे. "मागून," ती म्हणाली. "शेवटचा बैल हाकणाऱ्यापासून. माझ्या कामावरची माणसं आधी."

खारजाई मागून निघाली. पुतळ्याच्या पायाशी पंचवीस मोहरा ठेवी आणि पुतळा शिंके. शिंकला की माणूस. एक शिंकला, दोन शिंकले, बैल फुरफुरले, घुंगरं वाजली. कोणी म्हणे, "पाणी आहे का?" कोणी म्हणे, "माझी चिलीम कुठाय?" एकतीस माणसं शिंकली आणि पेटीचा तळ दिसला. पुढे हौसा उभी होती, पांढरी, हात वर करून.

निंबाजी पुढे आला. त्यानं उपरणं काढून जमिनीवर ठेवलं. "मला मीठ कर," तो म्हणाला. "पोरीला सोड."

"चालेल," खारजाई म्हणाली. "माणसाला माणूस."

"मला नाही चालणार!" गोजराबाई ओरडली. एवढे दिवस शांत असलेली बाई, आता तिचा आवाज घाटाच्या दोन्ही बाजूंनी परत आला. "मीठ होऊन उभं राहायचं? म्हणजे सुटलातच की! कोणाच्या तोंडाकडे बघायला नको, कोणाला उत्तर द्यायला नको. हरणं चाटतील आणि लोक म्हणतील, बिचारा! नाही, भाऊजी. तुम्ही हाकाऱ्या व्हायचं. शेवटच्या बैलामागे चालायचं, आणि पंचवीस मोहरा फिटेस्तोवर तुमची मजुरी या बाईंना द्यायची."

खारजाईनं डोळे बारीक केले. "मी उधारी करत नाही. पण जामीन असेल तर विचार करीन. याच्या शब्दाला तू जामीन राहतेस?"

एकतीस माणसं ऐकत होती. समोर लेक होती. एक 'हो' म्हटलं की झालं.

"नाही," गोजराबाई म्हणाली. "याच्या शब्दाला मी जामीन नाही. खोटं कशाला बोलू?"

निंबाजीनं मान खाली घातली.

"पण याच्या कामाला राहीन. रोज दिवस मावळायच्या आत मी बैल मोजीन, पोती उघडून बघेन, याच्या हातात काय आहे ते बघेन. ठीक असेल तर त्या दिवसापुरतं 'हो' म्हणेन. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघेन. आणि ज्या दिवशी 'हो' म्हणता येणार नाही, त्या दिवशी मी स्वतः इथे येऊन तुझ्यापुढे उभी राहीन. मग मला मीठ कर."

"रोज मोजशील?" खारजाईनं विचारलं. "म्हणजे रोज त्याला चोर म्हणशील?"

"मोजणं म्हणजे चोर म्हणणं नव्हे. आमच्याकडे तसं मानतात, म्हणून तर ही वेळ आली. मोजलं असतं तर पहिल्याच वर्षी तीस बैलांवर भागलं असतं, आणि हे माझे भाऊजी राहिले असते."

खारजाई उठली. पोरीच्या पायाशी ठेवायला तिच्या हातात काही नव्हतं. तिनं नुसता हात ठेवला.

हौसा शिंकली. तिचा वर केलेला हात खाली आला आणि पंधरा दिवसांमागे अर्धं राहिलेलं वाक्य तिनं पुरं केलं, "...आणि त्या लाल्याचं दावं आवळून बांधा रे!" मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. "आई? तू इथे कशी? आणि माझा कान असा का लागतोय?"

गोजराबाईनं तिला धरलं, इतकं घट्ट की हौसा म्हणाली, "अगं, श्वास तर घेऊ दे." तिच्या केसांना मिठाची चव होती. गोजराबाई हसत होती आणि रडतही होती.

मग हौसाला निंबाजी दिसला. "निंबाकाका! तुम्हीपण आलात?" ती आनंदानं म्हणाली. "आता मला काळजी नाही."

निंबाजीनं गोजराबाईकडे पाहिलं. तिनं सांगायचं काम आपल्या अंगावर घेतलं नाही.

"सांगा तिला," ती म्हणाली.

निंबाजी दगडावर बसला आणि त्यानं सांगितलं. बैल, वखार, दोरी, झोपाळा, होकार. काही गाळलं नाही. एकतीस माणसं उभी राहून ऐकत होती. त्याच्या आवाजाखेरीज फक्त घुंगरं वाजत होती. हौसाच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. ऐकताना तिचा हात सारखा डाव्या कानाकडे जात होता. त्याचं सांगून झालं.

मग ती ओळीच्या पार शेवटाला गेली, शेवटच्या बैलाचं दावं सोडवून घेऊन आली आणि ते निंबाजीच्या हातात दिलं.

"हा मारका आहे, काका," ती म्हणाली. "जपून." आणि तांड्याच्या पुढे निघून गेली.

तांडा घाट चढून पलीकडे उतरला. मीठ वेळेवर पोचलं, लोकांच्या भाजीला चव आली. आणि आम्ही सांगणारे इथेच घाटमाथ्यावर थांबलो. पुढची वाट त्यांची त्यांनी चालायची, तुमची तुम्ही.